आरोग्य-प्रश्नोत्तरे : काट्यावर न दिसणारे वजन

या अंकासाठी निवडलेली सर्व पत्रे वजनवाढ आणि लठ्ठपणा या एकाच विषयावरची आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत. येथे दिलेली उत्तरे प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत, हे लक्षात ठेवून ती वाचावीत.

प्रश्न : मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करतो. वय ४१, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. लहानपणापासून मला सगळे ‘काटकुळा’ म्हणत आले आहेत. नुकत्याच केलेल्या तपासणीत उपाशीपोटीची साखर ११२ आली, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) २३० आले आणि सोनोग्राफीच्या अहवालात यकृतावर चरबी असल्याचे लिहिले आहे. दारूला मी कधी हात लावलेला नाही. पँट ३४ ची लागते. माझ्याबरोबरच्या, चांगल्या जाडजूड सहकाऱ्यांचे अहवाल स्वच्छ आहेत. प्रयोगशाळेत अदलाबदल तर झाली नसेल?

उत्तर : अहवाल तुमचाच असण्याची शक्यता अधिक आहे. शंका फेडण्यासाठी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) या तपासण्या पुन्हा करून घ्याव्यात. मात्र तुमच्यासारखी माणसे माझ्या दवाखान्यात दर आठवड्याला येतात आणि त्यांची पहिली प्रतिक्रिया नेमकी हीच असते.

तुमचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागल्यावर येणारा आकडा, सुमारे २४.२ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण मोजपट्टीत २५ च्या आतला आकडा निर्धोक धरतात. भारतीयांसाठी मात्र येथील तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकमताने वेगळी मर्यादा सुचवली आणि तिच्यानुसार २३ पासून वजन जास्त व २५ पासून लठ्ठपणा मानला जातो. घरचे ज्याला काटकुळा म्हणतात, तो या हिशेबाने पहिली रेषा ओलांडून बसला आहे.

आपल्यासाठी ही रेषा कमी आकड्यावर का ओढावी लागली, याचे बरेचसे उत्तर पुण्यात सापडले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांच्या आणि पुढे त्यांच्या मुलांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. तेथे जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोंची होती, तर तुलनेला घेतलेली इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बरीच लहान होती, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहलेखक जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के भरली. त्या एका छायाचित्राने जे समजते, ते समजावायला मला एरवी अर्धा तास लागतो.

आता ही चरबी रोग कसा निर्माण करते ते पाहू. त्वचेखालची चरबी ही धान्याच्या कणगीसारखी असते. कणगीत जागा आहे तोवर आलेले धान्य निमूट आत जाते आणि घरात कोणाला त्रास होत नाही. कणगी लहान असेल, तर ती लवकर भरते आणि मग पोती ओसरीवर, माजघरात, शेवटी स्वयंपाकघराच्या वाटेत येऊन पडतात. अनेक भारतीयांची कणगी लहान असते. त्यामुळे थोड्याशा जादा खाण्यानेही चरबी पोटाच्या पोकळीत, यकृतात, स्वादुपिंडात आणि स्नायूंत साठू लागते. चरबी साठलेले यकृत इन्सुलिनला दाद देत नाही, ते गरज नसताना रक्तात साखर आणि ट्रायग्लिसराइड्स सोडत राहते, आणि ती साखर आटोक्यात ठेवण्यासाठी स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्सुलिन ओतावे लागते. तुमच्या अहवालातल्या तिन्ही गोष्टी या एकाच साखळीतल्या कड्या आहेत. तुमच्या जाडजूड सहकाऱ्यांची कणगी मोठी असावी, म्हणून त्यांचे आकडे अजून ठीक आहेत. त्यांच्या गुडघ्यांविषयी आणि पुढच्या दहा वर्षांविषयी मी तेवढी खात्री देणार नाही.

पँटच्या मापावर विसंबू नका. पोट सुटू लागले की पँट हळूहळू पोटाखाली सरकते आणि माप वर्षानुवर्षे ३४ च राहते. माझ्या टेबलाच्या खणात शिंप्याकडची टेप असते. तिने मोजल्यावर ३४ ची पँट घालणाऱ्या गृहस्थांचा घेर ३७ इंच निघाला, असे कितीदा झाले आहे. माप घेताना शर्ट वर करून उभे राहावे, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर टेप आडवी गुंडाळावी, श्वास सहज सोडावा आणि पोट आत ओढू नये. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. सोपा आडाखा हवा असल्यास घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. तुमच्या बाबतीत साडेब्याऐंशी.

उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ च्या दरम्यान असणे ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था आहे, आणि येथून मागे फिरता येते. यकृतातली चरबी ही शरीरात सर्वांत शेवटी, नको तिथे साठलेली असली तरी वजन उतरू लागले की निघायला तीच पुढे असते. चार-पाच किलोंनीही फरक पडतो. गोड चहा, बिस्किटे, फळांचे डबाबंद रस आणि मैदा प्रथम कमी करा, कारण ट्रायग्लिसराइड्स तेलापेक्षाही साखरेने आणि पिठूळ पदार्थांनी अधिक चढतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, भिंतीला टेकून दंड किंवा वजन उचलणे असे स्नायूंचे व्यायाम करा, कारण जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात आणि तेच तुमच्याकडे कमी आहेत. रक्तदाबही मोजून घ्या. तीन महिन्यांनी सर्व तपासण्या पुन्हा करा.

प्रश्न : मी नाशिकची गृहिणी, वय ४७. गेल्या पाच वर्षांत माझे वजन ९ किलोंनी वाढले आहे. दोन्ही वेळा मिळून माझ्या तीन पोळ्या होतात, भात नावाला. सोमवार, चतुर्थी आणि दोन्ही एकादशा धरते. माझे यजमान माझ्या दुप्पट जेवतात आणि सडपातळ आहेत. घरात थट्टेने म्हणतात की मी चोरून खात असेन. आता ती थट्टा सहन होत नाही.

उत्तर : तुमच्या सांगण्यावर माझा विश्वास आहे, आणि आकडेही तुमच्याच बाजूने बोलतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. नऊ किलो पाच वर्षांच्या दिवसांवर वाटले, तर रोजचे चाळीसएक कॅलरी येतात, म्हणजे चहाच्या चमचाभर तेलाएवढे. हा हिशेब ढोबळ आहे. शरीर वाढते तसा त्याचा खर्चही वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षातली तफावत याहून मोठी असणार. तरीही चोरून खाण्याइतकी ती नक्कीच नाही. ती ताटात दिसत नाही, एवढेच.

ती कोठे दडते ते सांगतो. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा तेलाचा डबा संपत असेल, तर माणशी दिवसाला जवळपास ३८ ग्रॅम तेल पोटात जाते आणि त्याच्या ३४० कॅलरी होतात. बैठे काम असलेल्या माणसाला वरून घातलेले तेल-तूप दिवसाला २० ते २५ ग्रॅम पुरते. डबा उघडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहून ठेवा. कोणत्याही वहीपेक्षा हा हिशेब खरा निघतो. दुसरी जागा चहाची. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ४० ग्रॅम साखर झाली, आणि पाहुण्यांबरोबरचा पाचवा कप कोणी मोजत नाही. तिसरी जागा पातेल्यातल्या उरलेल्या भाताची आणि मुलाने टाकलेल्या अर्ध्या पोळीची. अन्न वाया घालवू नये हा संस्कार चांगला आहे, पण त्यासाठी आपल्या घरांत बहुधा एकाच व्यक्तीचे पोट वापरले जाते.

आणि उपवास. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण तुमच्यावर लादण्याचा माझा हेतू नाही; पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, त्यात दाण्याचे कूट, बटाटा आणि साजूक तूप. खिचडीची एक भरलेली ताटली सहज ५०० कॅलरींच्या पुढे जाते. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, भाजी आणि आमटी यांचे साधे जेवण जवळपास तेवढ्यातच होते आणि त्याने पोट संध्याकाळपर्यंत धरते. उपास श्रद्धेने करायचा असेल तर जरूर करावा. ताक, फळे, उकडलेले रताळे किंवा राजगिरा यांवर तो तितकाच घडतो.

यजमानांशी तुलना मात्र सोडून द्या. पुरुषाच्या शरीरात स्नायू अधिक असतात, आणि स्वस्थ बसलेल्या अवस्थेतही स्नायू चरबीपेक्षा जास्त इंधन जाळतात. चाळिशीनंतर स्नायू दोघांचेही झिजतात. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरल्यामुळे स्त्रियांची चरबी मांड्या आणि नितंबांकडून पोटाकडे वळते, आणि रात्री घामाने, उकाड्याने झोप मोडत असेल तर भूक वाढवणारे संप्रेरकही वाढते. शिवाय जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असे दिसते की माणसामाणसांतील वजनाच्या फरकाचा मोठा वाटा आनुवंशिक असतो. हे सर्व घरच्यांना वाचून दाखवा.

करायचे काय, तर पोळी कमी करू नका, वरण वाढवा. आपल्या वाटीतल्या वरणात वाटीचा तळ दिसतो. दाट वरणाच्या एका वाटीतही प्रथिने सहा-सात ग्रॅमच मिळतात आणि तुम्हाला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम लागतात. उसळ, दही, ताक, पनीर, चालत असल्यास अंडी, यांतले काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या. चालायला जात असाल तर जा, पण अर्धा तास भरभर चालल्याने सव्वाशेच्या आसपासच कॅलरी जळतात, हे माहीत असावे, म्हणजे परतीच्या वाटेवर कचोरी खाताना अंदाज राहील. चालण्याचा खरा फायदा रक्तदाब, साखर, झोप आणि मन यांना होतो.

प्रश्न : वय २३, लातूर. टीएसएच (थायरॉइड मंदावल्यावर रक्तात वाढणारे संप्रेरक) ९ आल्यावर थायरॉइडची गोळी सुरू केली. सहा महिन्यांनी टीएसएच ३ वर आला, पण वजन ७१ किलोच आहे. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते आणि हनुवटीवर जाड केस येऊ लागले आहेत. डोस वाढवावा का?

उत्तर : डोस वाढवू नये. थायरॉइड मंदावल्याने वाढणारे वजन बहुधा थोड्याच किलोंचे असते आणि त्यातही पाणी व क्षार यांचा भाग मोठा असतो. टीएसएच ३ वर आला म्हणजे गोळीने तिचे काम केले आहे. वजन उतरावे म्हणून गरजेपेक्षा जास्त गोळी घेणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात. आपल्याकडे सगळे वजन थायरॉइडच्या माथी मारण्याची सवय आहे, आणि त्यामुळे दुसरे कारण शोधायचे राहून जाते.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून पीसीओडीची तपासणी व्हायला हवी. या विकारात शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही, रक्तात इन्सुलिन वाढते, त्याच्या दबावाने बीजकोश पुरुषी संप्रेरके जास्त बनवतात, आणि त्यातून पाळी लांबते, केस वाढतात, पोटावर चरबी चढते. चढलेली चरबी इन्सुलिनचा प्रतिसाद आणखी कमी करते. हे चक्र तोडायला तीस किलो उतरवावे लागत नाहीत. वजनाच्या पाच टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेतीन किलो उतरल्यावरही अनेकींची पाळी पुन्हा मार्गी लागते. रात्रीचे जेवण बंद करणे, नुसत्या काकड्यांवर राहणे असले प्रयोग करू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि सोबत साखरेची तपासणी करा.

याच संदर्भात एक गोष्ट सर्व वाचकांसाठी. काही औषधांनी वजन वाढते : दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स, मानसिक आजारांवरची काही औषधे, इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्या, फिट्सवरची व्हॅल्प्रोएट. आपल्या चिठ्ठीत यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना पर्याय विचारावा, पण गोळी स्वतःहून बंद करू नये. स्टिरॉइड अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते.

प्रश्न : मी कराडची आजी. माझा नातू नऊ वर्षांचा, उंची १३५ सेंटिमीटर, वजन ४४ किलो. गोरागोमटा, खात्यापित्या घरचा दिसतो. सुनेने शाळेच्या डॉक्टरांचे ऐकून त्याची बिस्किटे बंद केली आणि पोर हिरमुसले आहे. मोठा झाला की उंचीत वजन आपोआप मुरेल ना? त्याची मान मात्र कितीही घासली तरी काळी राहते.

उत्तर : आजी, बाळसे हे बाळाला शोभते. नवव्या वर्षी या उंचीला ४४ किलो हे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यांप्रमाणे लठ्ठपणात मोडते, आणि आपोआप मुरण्याचा भरवसा धरता येत नाही. या वयात लठ्ठ असलेली पुष्कळ मुले मोठेपणीही तशीच राहतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलेले वाक्य माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. मानेवरचा तो काळसर, हाताला मखमलीसारखा लागणारा पट्टा मळाचा नाही. रक्तात इन्सुलिन फार वाढले की मानेची आणि काखेची त्वचा अशी जाड व काळी होते. त्याला दगडाने किंवा हळद-बेसनाने घासणे थांबवा, पोराची कातडी सोलवटेल. त्याऐवजी बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन साखर, यकृताची तपासणी आणि रक्तदाब पाहून घ्या. पूर्वी प्रौढांचा समजला जाणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आता किशोरवयातही आढळतो. तो झोपेत घोरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

सुनेचे बरोबर आहे, पण एकट्या नातवाची बिस्किटे बंद करून बाकीच्यांनी त्याच्यासमोर चहात बुडवून खाल्ली, तर पोर हिरमुसणारच. घरात पुडा आणूच नये, सर्वांसाठी. थंड पेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते. त्याऐवजी ताक, कोकम, शहाळे. जेवताना टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवावा, कारण पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याचे कळत नाही. रोज तासभर घाम येईल असे खेळू द्या आणि रात्री नऊच्या सुमारास झोपवा. या वयात वजन उतरवण्याची घाई नको : पुढची दोन वर्षे ते ४४ च्या आसपास राहिले आणि उंची वाढली, तरी पुष्कळ साधेल. त्याच्यासमोर ‘जाड्या’, ‘ढोल्या’ हे शब्द लाडानेही उच्चारू नयेत. असे ऐकत वाढलेली मुले पुढे लपून खायला शिकतात.

प्रश्न : सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात मध आणि लिंबू घेतल्याने चरबी वितळते का? पोटाच्या व्यायामाने फक्त पोट कमी होते का?

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही. मध ही साखरच आहे. पोटाच्या व्यायामाने चरबीखालचे स्नायू बळकट होतात. चरबी कोठून निघावी हे शरीर ठरवते. कोमट पाणी आवडत असेल तर प्यावे.

प्रश्न : आमच्या यजमानांचे बार्शीत किराणा दुकान आहे. वय ५८, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९१ किलो. गुडघे इतके दुखतात की जिना उतरताना आडवे पाऊल टाकतात. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा, चाला. चालता येत नाही म्हणून वजन वाढते आणि वजन वाढते म्हणून चालता येत नाही. शिवाय घोरणे इतके, की मी दोन वर्षांपासून दुसऱ्या खोलीत झोपते. भर दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलकी लागते. एकदा गिऱ्हाईक पैसे हातात धरून उभे होते.

उत्तर : तुम्ही गुडघ्यांविषयी विचारले आहे, पण मी आधी घोरण्याविषयी लिहितो. मानेभोवती आणि जिभेच्या मुळाशी चरबी साठली की झोपेत स्नायू सैल पडल्यावर श्वासाची वाट मिटते. श्वास काही सेकंद थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, मोठा घोरका ऐकू येतो आणि पुन्हा तेच. रात्रभर असे चालले तर माणूस आठ तास अंथरुणात असूनही झोपलेला नसतो. याला स्लीप अॅप्निया म्हणतात. यातून रक्तदाब औषधांना दाद देईनासा होतो, हृदयाची लय बिघडते, पक्षाघाताचा धोका वाढतो. दुसऱ्या खोलीत गेल्याने तुमची झोप झाली, पण त्यांचा श्वास थांबतो का हे पाहणारे कोणी उरले नाही. एक रात्र जागून पाहा आणि शक्य असल्यास मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते डॉक्टरांना ऐकवा. झोपेची तपासणी आता घरीही करता येते आणि गरज पडल्यास नाकावर लावायचे सीपॅप यंत्र मिळते. तपासणी होईपर्यंत त्यांनी मोटारसायकल चालवू नये. हे मी काळजीपोटी नव्हे, अपघात पाहिले आहेत म्हणून लिहितो.

आता गुडघे. झीज झालेल्या गुडघ्यांवर केलेल्या अभ्यासांत असे आढळले आहे की शरीराचे वजन एक किलो घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पाच किलो उतरले तर पावलागणिक वीस किलो. साखरेचे जवळजवळ निम्मे पोते खाली ठेवल्यासारखे. शिवाय पोटातली चरबी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडते, म्हणूनच लठ्ठ माणसांच्या हातांच्या बोटांचे सांधेही दुखतात, आणि बोटांवर काही कोणी चालत नाही.

सुरुवात चालण्याने करण्याचे कारण नाही. गल्ल्यावरच्या खुर्चीत बसून एक पाय गुडघ्यात सरळ करावा, दहा अंक मोजेपर्यंत धरावा, मग खाली सोडावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचा आधार परत येतो आणि मग सपाट जागेवर दहा-दहा मिनिटे चालता येते. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची सोय करा. वजनाचे काम पहिले तीन महिने आहारावरच सोपवावे लागेल, आणि किराणा दुकानात फरसाणाच्या बरण्या हाताशी असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या गल्ल्यापासून उठून जावे लागेल इतक्या लांब ठेवा.

प्रश्न : ठाणे, वय ३८, उंची १७२, वजन १०४ किलो, रक्तदाबाची गोळी सुरू. मी तीन वेळा पंधरा-पंधरा किलो उतरवले आणि तिन्ही वेळा परत आले. आता वजनाच्या इंजेक्शनांविषयी ऐकतो. ती घेणे म्हणजे हार मानणे का? आणि ती कधीपर्यंत घ्यावी लागतात?

उत्तर : तीनदा पंधरा किलो उतरवणाऱ्या माणसाकडे निर्धार नाही असे कोण म्हणेल? वजन परत येण्याचे कारण अन्यत्र आहे. चरबी हा निव्वळ साठा नसून ती संप्रेरके सोडणारा अवयव आहे, ही गोष्ट १९९४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत चरबीतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागल्यावर स्पष्ट झाली. चरबी घटली की लेप्टिन घटते, मेंदूला दुष्काळ पडल्याचा सांगावा जातो, भूक वाढते आणि शरीर कमी इंधनात भागवू लागते. ही ओढ वजन उतरल्यावर वर्षभरानंतरही टिकून असल्याचे आढळले आहे. तुम्ही प्रवाहाविरुद्ध पोहत होता, आणि हात थांबले की प्रवाह मागे नेतोच.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही औषधे नेमकी या भुकेवर काम करतात. आठवड्यातून एकदा त्वचेखाली सुई घ्यायची असते. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांची ती नक्कल करतात. पोट सावकाश रिकामे होते आणि खाण्याचा विचार डोक्यात सतत घोळत राहत नाही. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरले, टिर्झेपाटाइडने त्याहून अधिक. टिर्झेपाटाइड भारतात मार्च २०२५ पासून मिळू लागले. तुमचा बीएमआय ३५ च्या पुढे असून रक्तदाबही आहे, त्यामुळे ही औषधे किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार करणे तुमच्या बाबतीत वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरते. रक्तदाबाची गोळी घेताना तुम्ही हार मानली नव्हती.

मात्र औषध बंद केलेल्यांचे उतरलेले वजन वर्षभरात सुमारे दोन-तृतीयांश परत आले, हेही सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसले. म्हणून ‘तीन महिने घेऊन बघू’ या विचाराने सुरू करू नका. वर्षाचा खर्च मांडूनच निर्णय घ्या. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास सुरुवातीला पुष्कळांना होतात. पित्ताशयात खडे आणि क्वचित स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर ती घेता येत नाहीत, गरोदरपणातही नाहीत. भूक मेल्यावर माणूस चहा-बिस्किटावर दिवस काढतो आणि चरबीबरोबर स्नायूही गमावतो, म्हणून प्रथिने आणि वजन उचलण्याचे व्यायाम यांची गरज सुईबरोबर वाढते. जिममधल्या ओळखीतून किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळालेली कुपी टोचून घेऊ नका.

प्रश्न : मी रोज सकाळी वजन करतो. काल ७२.४ होते, एका लग्नात जेवलो आणि आज ७३.३ भरले. एका पंगतीने ९०० ग्रॅम चरबी चढते?

उत्तर : तेवढी चरबी चढायला गरजेपेक्षा सात हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील, आग्रह कितीही झाला तरी हे अवघड आहे. लोणचे, पापड, मसालेभात यांतल्या मिठाने शरीरात पाणी धरले जाते, आणि जिलेबीची जी साखर स्नायूंत व यकृतात साठते ती प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी सोबत ठेवते. दोन-तीन दिवसांत ते उतरेल. कोणताही आहार सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणारे दोन किलोही याच पाण्याचे असतात, हे लक्षात असू द्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, शौचाला जाऊन आल्यावर आणि चहापूर्वी वजन करावे, आणि महिन्यातून एकदा कमरेला टेप लावावी. काटा सतरंजीवर न ठेवता सपाट फरशीवर ठेवावा.